एडिंबरोच्या रसायन-अध्यासनाचे दप्तर

एडिंबरो विश्वविद्यालयातील रसायनशास्त्राच्या अध्यासनाचा इतिहास या स्मरणिकेसाठी लिहून द्यावा अशी संपादकांची आज्ञा झाली, तेव्हा काम सोपे आहे अशीच माझी प्रथम समजूत झाली. कारण ज्या अध्यासनाला तीनशे वर्षे उलटून गेली, ज्यावर बसलेल्या पुरुषांची नामावळी अखंड उपलब्ध आहे आणि ज्या नगरीत जुने कागद जपण्याची चाल पिढीजात आहे, त्याचा वृत्तान्त लिहिण्यास सनावळ्या ओळीने मांडण्यापलीकडे ते काय लागणार? परंतु या परंपरेतील सर्वांत थोर पुरुष जो जोसेफ ब्लॅक, त्याच्यापाशी येऊन ठेपले की ही समजूत टिकत नाही. या गृहस्थाने ग्लासगो आणि एडिंबरो मिळून चाळीस वर्षे अध्यापन केले, सबंध युरोपातून व अमेरिकेतून विद्यार्थी आपल्या वर्गात ओढून आणले, उष्णतेच्या शास्त्राचा पाया घातला. आणि पदवीचा लॅटिन प्रबंध वगळला तर उभ्या आयुष्यात छापून प्रसिद्ध केले ते अवघे तीन निबंध. सारांश, या अध्यासनाचा इतिहास छापील ग्रंथांवरून लिहिता येत नाही. तो दप्तरातून काढावा लागतो.

आरंभीची हकीकत थोडक्यात उरकण्याजोगी आहे. एडिंबरोचे विद्यापीठ हे त्या काळी नगराचे महाविद्यालय होते. प्राध्यापकांच्या नेमणुका नगरसभा करीत असे, आणि हा तिचा अधिकार १८५८ च्या कायद्यापर्यंत चालला. १७१३ मध्ये या नगरसभेने जेम्स क्रॉफर्ड याला वैद्यक आणि रसायन या विषयांचा प्राध्यापक नेमले. तो हॉलंडमधील लायडन येथील विख्यात बोअरहाव्हचा शिष्य. पुढे १७१९ मध्ये याच क्रॉफर्डला हिब्रू भाषेचे प्राध्यापकपद मिळाले, यावरून त्या काळी रसायनशास्त्राची प्रतिष्ठा केवढी होती हे ज्याचे त्याने ताडावे. १७२६ मध्ये वैद्यकशाखेची रीतसर स्थापना झाली, तेव्हा अँड्र्यू प्लमर रसायनाकडे आला. त्याचे नाव आज त्याच्या व्याख्यानांपेक्षा त्याच्या नावाने खपलेल्या पारा-अंजनाच्या गोळ्यांमुळेच अधिक आठवते. रसायन ही वैद्यकाची दासी, औषधे कुटण्या-गाळण्यापुरती तिची गरज, हा समज ज्याने मोडला तो विल्यम कलेन. त्याने १७४७ मध्ये ग्लासगोला रसायनावर स्वतंत्र व्याख्याने आरंभिली, लॅटिन सोडून इंग्रजीत शिकविले, आणि शेतकरी, रंगारी, कापड धुऊन पांढरे करणारा या सर्वांना ज्या शास्त्रापासून लाभ व्हावा असे शास्त्र म्हणून रसायनाची मांडणी केली. १७५५ मध्ये तो एडिंबरोला आला. ब्लॅक हा ग्लासगोला त्याच्याच प्रयोगशाळेत साहाय्यक म्हणून तयार झालेला; आणि योगायोग असा की, १७५६ मध्ये ग्लासगोत व १७६६ मध्ये एडिंबरोत, दोन्ही वेळा गुरूने रिकाम्या केलेल्या जागेवर शिष्य बसला.

जोसेफ ब्लॅकचा जन्म १६ एप्रिल १७२८ रोजी फ्रान्समध्ये बोर्दो येथे झाला. बाप मद्याचा व्यापारी, बेलफास्टचा, मूळ घराणे स्कॉटिश. बाराव्या वर्षी मुलाला शिक्षणासाठी बेलफास्टला धाडले. तेथून तो ग्लासगोला व पुढे वैद्यकाची पदवी घेण्यासाठी एडिंबरोला आला. त्या वेळी एडिंबरोच्या वैद्यांत मूतखड्यावरील उपायाचा मोठा वाद माजला होता. चुन्याची निवळी दिली असता खडा विरघळतो असा समज होता. परंतु ती निवळी शिंपल्यांच्या चुन्याची चांगली की दगडी चुन्याची, यावर व्हिट आणि अल्स्टन हे दोन प्राध्यापक परस्परांविरुद्ध उभे ठाकले होते. दोन गुरुजनांच्या भांडणात उमेदवाराने पडू नये, हे शहाणपण ब्लॅकपाशी होते. त्याने चुना बाजूला ठेवून मॅग्नेशिया हा शुभ्र चूर्णरूप पदार्थ प्रबंधासाठी घेतला, आणि खडा विरघळविण्याचा उपाय काही त्याला सापडला नाही. जे सापडले ते मात्र वैद्यांच्या कलहाहून फार मोठे होते. मॅग्नेशिया भाजला असता वजनात घटतो, भाजलेला मॅग्नेशिया अम्लात टाकला तर फसफसत नाही, तेव्हा जी घट झाली ती भट्टीत निघून गेलेल्या वायूची असली पाहिजे. चुनखडी भाजून कळीचा चुना होतो तेव्हाही हेच घडते, आणि सौम्य खारातून तोच वायू चुन्याला परत दिला की पुन्हा पहिली चुनखडी हाती येते. हे सर्व त्याने तराजूने सिद्ध केले. प्रबंध १७५४ चा. त्याचा विस्तार जून १७५५ मध्ये विद्वत्सभेपुढे वाचला गेला व १७५६ मध्ये छापून निघाला. त्या वायूला त्याने ‘बद्ध वायू’ अशा अर्थाचे नाव दिले. आपण त्याला कार्बन डाय-ऑक्साइड म्हणतो. हवा एकच नाही, निरनिराळ्या प्रकृतीचे वायू असू शकतात व ते घन पदार्थांत बांधलेले राहू शकतात, हे पुढील शतकार्धाच्या रसायनाचे बीज या निबंधात आहे.

दुसरे मोठे कार्य ग्लासगोचे. बर्फ वितळू लागले म्हणजे त्याला उष्णता देत राहिले तरी उष्णतामापक वर सरकत नाही, ही गोष्ट सर्वांच्या डोळ्यांपुढची. तिचा अर्थ कोणी लावला नव्हता. ब्लॅकने काचेचे दोन सारखे गोल घेतले, एकात नुकतेच वितळण्याच्या बेतात आलेले बर्फ व दुसऱ्यात फॅरनहाइटच्या ३३ अंशांचे पाणी ठेवून ते ४७ अंश उष्णतेच्या प्रशस्त दालनात टांगले. पाण्याला ४० अंशांपर्यंत चढण्यास अर्धा तास पुरला. बर्फाला वितळून त्याच अंशापर्यंत येण्यास साडेदहा तास, म्हणजे एकवीस अर्धे तास लागले. मधल्या वेळात शिरलेली उष्णता नाहीशी झाली नाही, ती पाण्याच्या द्रवत्वात दडून बसली. तिला त्याने अप्रकट उष्णता म्हटले. एप्रिल १७६२ मध्ये ग्लासगोच्या एका विद्वन्मंडळीत त्याने हे वाचून दाखविले. छापले कधीच नाही. १७७० मध्ये लंडनमधील कोणा प्रकाशकाने एका विद्यार्थ्याच्या टिपणावरून उष्णतेवरील ही व्याख्याने लेखकाचे नाव न घालता परभारे छापून टाकली, तरीही हा गृहस्थ स्वतःची अस्सल प्रत बाहेर काढण्यास प्रवृत्त झाला नाही! याला आळस म्हणावे, की परिपूर्णतेची अवाजवी हौस, याचा निर्णय त्याच्या स्नेह्यांनाही देता आला नव्हता; शरीर नाजूक असल्याने लेखनाचा ताण सोसत नाही असे तो म्हणे, व ते खरेही होते.

लेखणीची ही उणीव त्याने वाणीने भरून काढली. नोव्हेंबरापासून मे महिन्यापर्यंत रोज व्याख्यान, आवाज बारीक पण दालनाच्या शेवटच्या बाकापर्यंत स्पष्ट पोहोचणारा, आणि प्रयोग इतका सफाईचा की एका पात्रातून दुसऱ्यात द्रव ओतताना थेंब खाली पडत नसे. विद्यार्थ्याने फी थेट प्राध्यापकाच्या हाती द्यावयाची अशी त्या काळची वहिवाट होती. आणि सत्राच्या आरंभी ब्लॅक शेजारी पितळेचा लहान तराजू ठेवून अनोळखी विद्यार्थ्याची प्रत्येक गिनी वजन करून घेई, कारण झिजलेली नाणी घेतली तर वर्षाकाठी बरेच पौंड बुडतील, असे सांगतात. ज्याने तराजूच्या बळावर अदृश्य वायू पकडला, त्याला हलकी गिनी कोण खपविणार? विद्यार्थी तरी व्याख्यान ऐकून स्वस्थ बसत नसत. जो तो लिहून घेई, घरी जाऊन ते सुवाच्य अक्षरात उतरून काढी, त्याची बाडे बांधवी. ज्याला एवढा खटाटोप नको असे तो पैसे देऊन नक्कलनवीसाकडून प्रत करवी. या बाडांचा एडिंबरोत रीतसर व्यापार चालत असे. अशा शंभरावर प्रती आज निरनिराळ्या ग्रंथालयांत सापडल्या आहेत, आणि त्या एडिंबरोतच आहेत असे नाही. ज्याने अमेरिकन स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर पुढे सही केली तो बेंजामिन रश याच वर्गात बसला होता, व परत जाऊन १७६९ मध्ये फिलाडेल्फियाला अमेरिकेतील रसायनाचा पहिला प्राध्यापक झाला.

येथे दप्तराच्या स्वरूपाविषयी दोन शब्द लिहिणे प्राप्त आहे. ब्लॅकविषयीची साधने तीन जातींची आहेत : त्याची स्वतःची चिटोरी, त्याला आलेली व त्याने पाठविलेली पत्रे, आणि विद्यार्थ्यांच्या या नकला. आपल्याकडे इतिहासाचार्य राजवाड्यांनी इतिहाससंशोधकांना एक धडा घालून दिला की, बखर वाचावी, पण विश्वास ठेवावा तो समकालीन अस्सल कागदावर. आणि ज्यांनी पुण्याच्या इतिहास संशोधक मंडळातील जुन्या कागदांचे रुमाल सोडून पाहिले आहेत त्यांना या उपदेशाची किंमत सांगावयास नको. ब्लॅकच्या बाबतीत हा धडा तंतोतंत लागू पडतो, कारण त्यालाही एक बखरकार लाभला होता.

या बखरकाराचे नाव जॉन रॉबिसन. तो ब्लॅकचा शिष्य व स्नेही, ग्लासगोला रसायनाच्या जागेवर त्याच्यामागून आलेला, नंतर एडिंबरोला पदार्थविज्ञानाचा प्राध्यापक. ब्लॅकच्या मृत्यूनंतर वारसांनी व्याख्यानांचे कागद त्याच्या स्वाधीन केले, तेव्हा त्याची निराशा झाली. कारण आरंभीची काही व्याख्याने नीट लिहिलेली असली तरी पुढे पुढे सुटे कपटे, मधूनच खोडलेल्या ओळी, चिकटविलेले तुकडे, आणि जेथे तोंडाने सांगणे सवयीचे झाले तेथे नुसती एखादी खूण, असा सगळा प्रकार होता. रॉबिसन स्वतः दीर्घ व्याधीने जर्जर झालेला. तरी त्याने हे कागद जुळविले, विद्यार्थ्यांच्या प्रतींवरून व स्वतःच्या स्मरणावरून रिकाम्या जागा भरल्या, आणि १८०३ मध्ये दोन जाड भागांत गुरूची व्याख्याने प्रसिद्ध केली. हा उपकार थोडाथोडका नव्हे. परंतु भक्ताने लिहिलेल्या चरित्राला जे दोष जडतात ते सर्व या ग्रंथाला जडले आहेत. ग्रंथ जेम्स वॉटला अर्पण केला असून त्यात वॉट हा ब्लॅकचा अत्यंत कीर्तिमान शिष्य असल्याचे म्हटले आहे. वाफेच्या यंत्रातील स्वतंत्र शीतकोशाची कल्पना अप्रकट उष्णतेच्या सिद्धान्तातूनच वॉटला सुचली, ही कथा रॉबिसनमुळेच सर्वतोमुखी झाली. खुद्द वॉटने उत्तर आयुष्यात हे नाकारले. आपण ब्लॅकच्या वर्गात कधी बसलो नाही, त्याच्या संभाषणापासून अचूक विचार व प्रयोग करण्याची रीत शिकलो, पण शीतकोशाची युक्ती त्या सिद्धान्तातून निघालेली नव्हे, असे त्याने स्पष्ट नमूद करून ठेवले. शिष्याने गुरूला बहाल केलेले श्रेय ज्याच्या नावावर बहाल केले त्यानेच परत करावे, असा प्रसंग बखरवाङ्मयात विरळा.

फ्रेंच रसायनज्ञ लाव्हाझिए याच्या प्रकरणात रॉबिसनचा दोष याहून गंभीर आहे. फ्रान्समधील नव्या रसायनाला ब्लॅकने मान्यता दिली होती. २४ ऑक्टोबर १७९० च्या पत्रात, जुन्या मताची तीस वर्षांची सवय मोडण्यास आपल्याला वेळ लागला पण आता आपण नवे मत शिकवू लागलो आहो, या आशयाचा कबुलीजबाब त्याने लाव्हाझिएला लिहून दिला, आणि पॅरिसच्या नियतकालिकात तो दुसऱ्याच वर्षी छापून आला. परंतु रॉबिसनला फ्रेंच राज्यक्रांतीचा इतका धसका बसला होता की, युरोपातील सर्व धर्म व राज्ये उलथण्याचा एक गुप्त कट चालू असल्याचे प्रतिपादन करणारे पुस्तकच त्याने १७९७ मध्ये लिहिले होते. पॅरिसहून ब्लॅकला आलेल्या गौरवाच्या शब्दांतही त्याला कावा दिसावा यात आश्चर्य नाही. परिणामी १८०३ च्या ग्रंथात संपादकाचा राग कोठे संपतो व गुरूचे मत कोठे सुरू होते, हे वाचकाला सहजी उमगत नाही. वेगवेगळ्या सत्रांतील विद्यार्थ्यांच्या वह्या शेजारी ठेवल्या म्हणजे मात्र उलगडा होतो. कारण वहीला साल असते, आणि अमुक वर्षी वर्गात काय सांगितले गेले ते तीत उतरलेले असते. संशोधकांनी नेमके हेच केले आहे.

पत्रव्यवहाराचा भाग मला व्यक्तिशः सर्वांत रसाळ वाटतो. त्यांतील पुष्कळ कागद एडिंबरो विश्वविद्यालयाच्या ग्रंथालयात बांधून ठेवले आहेत. प्राध्यापक म्हणजे वर्गापुरता, अशी आपली जी आजची कल्पना आहे ती या पत्रांनी पार पुसली जाते. कोणाला लिननचे कापड चुना वापरून पांढरे करावयाचे आहे, कोणाच्या काचेच्या भट्टीत काही बिघडले आहे, कोणी समुद्रशेवाळ जाळून मिळणाऱ्या खाराची प्रत विचारतो; अर्ल ऑफ डंडोनाल्ड दगडी कोळशापासून डांबर काढण्याचा आपला कारखाना ब्लॅकच्या अभिप्रायावर उभा करू पाहतो. आइसलंडच्या उष्ण झऱ्यांचे पाणी १७८९ च्या सफरीहून स्टॅन्ली नावाचा प्रवासी घेऊन येतो, त्याचे पृथक्करण करून ब्लॅक त्यात विरघळलेली गारेची माती दाखवून देतो. १७९४ मध्ये छापलेला हाच त्याचा तिसरा व शेवटचा निबंध. वॉट तर जुना मित्र. पूर्वी अडचणीच्या दिवसांत ब्लॅकने त्याला कर्जाऊ पैसे दिले होते. १७७९ मध्ये त्याने ब्लॅकला कळविले की, लिहिलेल्या कागदाची तत्क्षणी नक्कल उतरविण्याची युक्ती आपल्याला साधली आहे. ओल्या पातळ कागदावर मूळ पत्र दाबून शाई उठविण्याचे हे यंत्र. वृद्ध कलेनने ते १७८१ पासून आपल्या रोग्यांना पाठवावयाच्या पत्रांसाठी वापरले; आणि त्याचा वैद्यकीय पत्रव्यवहार पाच हजारांहून अधिक पत्रांनिशी एडिंबरोच्या वैद्य-महाविद्यालयात टिकून राहिला, त्याचे बरेचसे श्रेय या यंत्राकडे जाते. दोघा रसायनाचार्यांच्या स्नेह्याने इतिहासकारांवर केलेला हा उपकार वाफेच्या यंत्रापुढे झाकला गेला आहे.

आणि तरीही कागदांविषयी ब्लॅकच्या आयुष्यातील सर्वांत बोलका प्रसंग जतनाचा नाही, जाळण्याचा आहे. अ‍ॅडम स्मिथ, डेव्हिड ह्यूम, भूगर्भशास्त्रज्ञ जेम्स हटन हे त्याच्या नित्याच्या बैठकीतले. ह्यूमच्या अखेरच्या दुखण्यात ब्लॅक त्याचा वैद्य होता, व ह्यूम कसा शांतपणे गेला हे सांगणारे त्याचे २६ ऑगस्ट १७७६ चे पत्र स्मिथने आपल्या प्रसिद्ध लेखात उतरून घेतले आहे. स्मिथने ब्लॅक व हटन यांना आपल्या मृत्युपत्राचे मुखत्यार केले होते. जुलै १७९० मध्ये अंथरुणाला खिळलेल्या स्मिथने आपली हस्तलिखिते आपल्या देखत जाळून टाकण्याचा आग्रह धरला. आणि थोडे निबंध वगळता सर्व बाडे, ती सोळा होती असे सांगतात, या दोघा मित्रांनी अग्नीच्या स्वाधीन केली. उरलेल्या निबंधांचे पुस्तक त्यांनीच १७९५ मध्ये प्रसिद्ध केले. अर्थशास्त्राच्या इतिहासकारांना ही आग अजून पोळते आहे. ज्या हातांनी ती लावली त्या हातांनी स्वतःची चिटोरी मात्र जाळली नाहीत, याबद्दल रसायनशास्त्राने स्वतःला भाग्यवान समजावे.

१७९५ मध्ये टॉमस चार्ल्स होप याला जोडीला घेण्यात आले आणि १७९६-९७ च्या सत्रानंतर ब्लॅकने शिकविणे थांबविले. ६ डिसेंबर १७९९ रोजी तो गेला. जुन्या चरित्रांतून दुसऱ्याही तारखा आढळतात, पण समकालीन पत्रांवरून हीच ग्राह्य धरली आहे. मृत्यूही प्रयोगासारखा नेटका : जेवणास बसला असता गुडघ्यावर टेकविलेला दुधाचा पेला हातात तसाच राहिला, आणि दूध सांडले नाही म्हणून नोकराला तो झोपला असावा असेच वाटले. अविवाहित होता, मिळकतीचे दहा हजार हिस्से पाडून ते नातलगांत ज्याच्या त्याच्या गरजेप्रमाणे वाटून दिले होते. ग्रेफ्रायर्सच्या दफनभूमीत त्याची समाधी आहे.

पुढील परंपरा भराभर सांगतो. होपने १८४३ पर्यंत अध्यासन सांभाळले. संशोधनात त्याचे मन रमले नाही, वर्ग मात्र पाचशेवर नेला. त्याच्यामागून लीबिगचा शिष्य ग्रेगरी, मग १८५८ मध्ये लायन प्लेफेअर. प्लेफेअरने अध्यासनाकडे पिढ्यान् पिढ्या साठलेली काचपात्रे व उपकरणे एडिंबरोच्या नव्या औद्योगिक संग्रहालयाला देऊन टाकली, म्हणून तीही वाचली. १८६९ पासून १९०८ पर्यंत क्रम ब्राउन. याच्याच हाताखाली प्रफुल्लचंद्र रे यांनी १८८७ मध्ये डॉक्टरेट मिळविली. परंतु हिंदुस्थानाशी या अध्यासनाचा संबंध रे यांच्याही आधीचा, व तो आपल्या मुंबईचा आहे. १८४० मध्ये एडिंबरोची वैद्यक पदवी घेतलेला हर्बर्ट जिरॉड हा ग्रँट मेडिकल कॉलेजात रसायन व वनस्पतिशास्त्र शिकवू लागला, आणि पुढे त्या कॉलेजचा प्रमुख व १८६३ मध्ये मुंबई विश्वविद्यालयाच्या वैद्यकशाखेचा अधिष्ठाता झाला. विद्यार्थी असताना त्याच्या काळी एडिंबरोत अध्यासनावर होप होता, आणि होप ब्लॅकच्या हाताखालचा. तेव्हा भायखळ्याच्या या कॉलेजात ज्यांनी रसायनाचे पहिले धडे घेतले त्यांच्यापासून ब्लॅकपर्यंतची गुरुपरंपरा फार लांब नाही.

ब्लॅकच्या दप्तराला छापखाना दिसण्यास विसावे शतक उजाडावे लागले. टॉमस कॉक्रन या विद्यार्थ्याची १७६७-६८ ची वही डग्लस मकीने १९६६ मध्ये प्रसिद्ध केली. वॉट-ब्लॅक पत्रव्यवहार १९७० मध्ये आला. आणि समग्र पत्रव्यवहार रॉबर्ट अँडरसन व जीन जोन्स यांच्या संपादनाखाली २०१२ मध्ये, म्हणजे लेखकाच्या मृत्यूनंतर दोनशे तेरा वर्षांनी, दोन खंडांत बाहेर पडला. एडिंबरोच्या रसायन-विभागाची आजची इमारत ब्लॅकच्याच नावाची आहे.

ही स्मरणिका ज्यांच्या हाती पडेल त्यांत रसायनाचे जुने विद्यार्थी पुष्कळ असतील, आणि त्यांच्या माळ्यावर किंवा पत्र्याच्या पेटीत गुरुजींच्या व्याख्यानांच्या वह्या, प्रयोगाची जर्नले, एखादे पत्र पडून असेल. ते रद्दीवाल्याला देण्यापूर्वी आपापल्या कॉलेजच्या ग्रंथपालाला दाखवावे. अक्षर वाईट असले, मजकूर अपुरा असला तरी चालेल. वहीवर साल मात्र घालून द्यावे, कारण कोणते वाक्य कोणत्या वर्षीचे हे कळत नाही, हीच रॉबिसनच्या ग्रंथाविरुद्ध आमची मुख्य तक्रार आहे.